इस्त्री न मोडलेला गणवेश

पत्र थोडक्यात असं: अमेरिकेच्या मिडवेस्टमध्ये राहणाऱ्या, मूळच्या पुण्याच्या एका आईने हे पत्र लिहिलं आहे. मुलगा २० वर्षांचा. एका मोठ्या विद्यापीठात मेकॅनिकल इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आणि तिथल्या अमेरिकन फुटबॉल संघात क्वार्टरबॅक, म्हणजे संघाची चढाई चालवणारा, पास फेकणारा खेळाडू. पहिलं वर्ष 'रेडशर्ट'चं, म्हणजे सराव करायचा पण तो सीझन खात्यावर धरायचा नाही, असं गेलं. दुसऱ्या वर्षी तो तिसऱ्या नंबरचा क्वार्टरबॅक होता, यंदा दुसऱ्या नंबरचा आहे. पहिल्या नंबरवर त्याच्याहून वर्षाने लहान, दुसऱ्या कॉलेजातून आणलेला मुलगा खेळतो. या सीझनमध्ये आतापर्यंत हा फक्त ११ प्लेंसाठी, म्हणजे ११ चालींसाठी, मैदानात उतरला, तेही सामना पुरता हातात आल्यावर. आई लिहिते, "सामना संपला तरी त्याच्या गणवेशाची इस्त्री मोडलेली नसते." आता एका एजंटाचा फोन आलाय: जानेवारीत ट्रान्सफर पोर्टलमध्ये (कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंच्या यादीत) नाव टाक, दक्षिणेतल्या एका कॉलेजात पहिली जागा आणि वर चांगले पैसे मिळवून देतो. मुलाला जायचंय. वडील म्हणतात, तीन वर्षं फुकट गेली, आता खेळ सोड आणि डिग्रीकडे बघ. पुण्यातल्या घरी मुलगा फुटबॉल खेळतो हे नीटसं सांगितलेलंच नाही. पत्राच्या अगदी शेवटी एक ओळ आहे: "आणि डोक्याला मार लागतो म्हणतात." आईचा प्रश्न: "मी कुणाच्या बाजूने उभी राहू?"

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. कुणाच्याच बाजूने उभ्या राहू नका, निदान अजून तरी नाही. तुमच्या घरात दोन बाजू पडल्यात खऱ्या, पण दोघांचंही म्हणणं एकाच समजुतीवर उभं आहे. बसून राहिलेलं वर्ष म्हणजे वाया गेलेलं वर्ष, हे दोघांनी धरून ठेवलंय. वडील म्हणतात, वाया गेलं म्हणून सोड. मुलगा म्हणतो, वाया गेलं म्हणून पळतो. वर्षं खरंच वाया गेलीत का, हे मात्र कुणी तपासलेलं दिसत नाही.

मी बावीस वर्षं इथल्या एका विद्यापीठात मुलांना कोर्स निवडायला मदत करण्याचं काम करते. फुटबॉलची मुलं माझ्याकडे येतात ती सकाळच्या सरावानंतर, खांद्याला बर्फाची पिशवी बांधून. एकदा एक दुसऱ्या नंबरचा क्वार्टरबॅक समोर बसला होता. मी त्याच्या थर्मोडायनॅमिक्सच्या मार्कांबद्दल बोलत होते आणि त्याचा अंगठा टेबलाखाली टॅबलेटवर पुढे-मागे, पुढे-मागे चालला होता. रागावून विचारलं तर त्याने स्क्रीन दाखवली. शनिवारी ज्या संघाशी गाठ होती त्यांच्या बचावाचं चित्रण होतं. एकाच प्लेचं, चाळिसाव्यांदा. "हा सेफ्टी, सगळ्यात मागचा बचावपटू, डावा पाय मागे घेतो तेव्हा तो माझ्यावर धावून येणार असतो," तो म्हणाला. शनिवारी तो एक मिनिटही खेळला नाही. पण मैदानाच्या कडेला उभा राहून त्याने पहिल्या नंबरच्या मुलाला तो पाय दाखवला, हे मी स्टँडमधून पाहिलं.

या जागेची अडचण समजून घ्या. फुटबॉलमध्ये बाकीच्या बऱ्याच जागांवर माणसं सामनाभर आलटून-पालटून उतरतात. क्वार्टरबॅक मात्र एकच, आणि चुरशीच्या सामन्यात तो जखमी झाला किंवा चुकत राहिला तरच दुसऱ्याला बोलावणं येतं. आपल्या क्रिकेटमध्ये विकेटकीपरचं असंच असतं. फलंदाज सहा खेळवता येतात, कीपर एकच. चंद्रकांत पंडित आठवतात? किरण मोरेंच्या काळात त्यांच्या वाट्याला पाचच कसोट्या आल्या. मुंबईकडून खेळलेला हा माणूस पुढे मध्य प्रदेशकडे गेला, तिथे कप्तान झाला, १९९९ मध्ये रणजीची फायनल हरला आणि २०२२ मध्ये त्याच बेंगळुरूच्या मैदानावर कोच म्हणून मध्य प्रदेशला पहिली रणजी जिंकून दिली. तीही मुंबईला हरवून! त्यांची पाच कसोट्यांची गोष्ट वाया गेल्याची गोष्ट होती, असं कोण म्हणेल?

तेव्हा दुसऱ्या नंबरवर बसणं ही या जागेची रीतच आहे. तुमच्या मुलात काही कमी आहे असा त्याचा अर्थ होत नाही. पण किती दिवस बसायचं आणि कशासाठी, हा प्रश्न खरा आहे आणि मुलगा तो विचारतोय हे मला आवडलं.

आता वडिलांच्या बाजूचं जे खरं आहे ते सांगते, कारण आकडे त्यांच्या बाजूने आहेत. कॉलेज फुटबॉलमधून ड्राफ्टला पात्र होणाऱ्या खेळाडूंपैकी एनएफएलच्या, म्हणजे इथल्या व्यावसायिक लीगच्या, ड्राफ्टमध्ये (संघ नवे खेळाडू घेतात त्या वार्षिक निवडीत) निवडले जातात ते साधारण १.६ टक्के. ड्राफ्टच्या सात फेऱ्यांमध्ये मिळून अडीचशेच्या आसपास नावं पुकारली जातात आणि त्यात क्वार्टरबॅक दहा-बारा, फार तर चौदा. टॉम ब्रॅडी मिशिगनमध्ये दोन वर्षं राखीव होता, २००० साली १९९ व्या नंबरवर निवडला गेला आणि सात सुपर बोल (एनएफएलच्या फायनल) जिंकला, हे उदाहरण तुम्हाला प्रत्येक जण देईल. ते खरं आहे, पण त्यावर घर बांधू नका.

मात्र यावरून 'म्हणून खेळ सोड' हा निष्कर्ष निघत नाही. कॉलेजच्या क्वार्टरबॅकची कारकीर्द ही एनएफएलची नुसती पायरी नव्हे, ती स्वतःच एक कारकीर्द आहे. बहुतेकांसाठी ती बावीस-तेविसाव्या वर्षी संपते. आपल्याकडे युनिव्हर्सिटीच्या नाटकात काम करणाऱ्या मुलाला 'तू पुढे नट होणार नसशील तर तालमीला जाऊ नकोस' असं आपण म्हणत नाही. मुलाला एक प्रश्न विचारा, आणि उत्तर येईपर्यंत दोघंही गप्प बसा: "तुला एनएफएलमध्ये जायचंय, की तुला खेळायचंय?" दोन्ही उत्तरं चांगली आहेत, पण त्यांचे रस्ते वेगळे आहेत. नुसतं खेळायचं असेल तर खालच्या गटात खेळणारं, कमी प्रसिद्ध पण चांगलं इंजिनिअरिंग शिकवणारं कॉलेजही चालेल. रायन फिट्झपॅट्रिक हार्वर्डमध्ये खेळला, जिथे खेळासाठी स्कॉलरशिप दिलीच जात नाही. तो २००५ मध्ये ड्राफ्टच्या शेवटच्या फेरीत निवडला गेला आणि १७ सीझन एनएफएलमध्ये टिकला. जॉश डॉब्सने टेनेसीमध्ये क्वार्टरबॅक असतानाच एरोस्पेस इंजिनिअरिंग केलं. ही दोन नावं मुलापेक्षा वडिलांना सांगा.

मुलाच्या मनात ज्यांची नावं असणार ते दोघे म्हणजे जो बरो आणि जेलन हर्ट्‌स. पोर्टलकडे बघणारा प्रत्येक राखीव क्वार्टरबॅक रात्री यांचेच व्हिडिओ बघत असतो. त्यांची गोष्ट पूर्ण सांगायला हवी, कारण अर्धीच सांगितली जाते.

बरो ओहायोचा. ओहायो स्टेटमध्ये तीन वर्षं राहिला आणि या तीन वर्षांत त्याने सामन्यात फेकलेले पास होते ३९. तुमच्या मुलाच्या ११ प्लेंशी ताडून बघा. २०१८ मध्ये तो लुइझियानात एलएसयूला गेला आणि २०१९ च्या सीझनमध्ये ६० टचडाउन पास, पंधरापैकी पंधरा सामने, हाइसमन ट्रॉफी (कॉलेज फुटबॉलमधल्या सर्वोत्तम खेळाडूची) आणि पुढच्या वर्षी ड्राफ्टमध्ये पहिला नंबर. हर्ट्‌सचं उलट. तो अलाबामात पहिल्या वर्षापासून पहिल्या नंबरवर होता. जानेवारी २०१८ मध्ये राष्ट्रीय फायनलला, जॉर्जियाविरुद्ध, संघ १३-० ने मागे असताना हाफटाइमला त्याला बसवलं आणि टुआ टॅगोवायलोआ नावाच्या नवख्या मुलाने सामना जिंकला. अख्ख्या देशासमोर! हर्ट्‌स गेला नाही. पुढचा पूर्ण सीझन दुसऱ्या नंबरवर बसला. त्याच वर्षीच्या डिसेंबरात अटलांटाच्या त्याच स्टेडियममध्ये, त्याच जॉर्जियाविरुद्ध टुआ जखमी झाला, अलाबामा मागे होतं, आणि हर्ट्‌सने उतरून सामना ३५-२८ असा काढून दिला. मग तो ओक्लाहोमाला गेला. फेब्रुवारी २०२५ च्या सुपर बोलचा सर्वोत्तम खेळाडू तोच.

ही अर्धी गोष्ट. उरलेली अर्धी अशी की दोघेही निघाले ते डिग्री हातात घेऊन. बरोने तीन वर्षांत डिग्री पूर्ण केली होती, हर्ट्‌सने डिसेंबर २०१८ मध्ये. हे काही त्यांनाच सुचलं असं नाही. तेव्हाचा नियमच तसा होता. डिग्री न घेता कॉलेज बदललं तर एक वर्ष सक्तीने बाहेर बसावं लागायचं, डिग्री घेऊन गेलं तर लगेच खेळता यायचं. २०२१ मध्ये ही अट एकदा बदली करणाऱ्यांसाठी गेली, २०२४ मध्ये अभ्यासात पास होत असणाऱ्या सगळ्यांसाठीच गेली. मला खेळाडूंना मोकळीक मिळाल्याचा आनंदच आहे, कोच लोक तर कधीही सोडून जात होते. पण पूर्वी आई-वडिलांचं एक काम नियम करायचा, ते आता तुम्हाला करावं लागणार. तुमच्या पत्रात क्रेडिट्सचा, म्हणजे डिग्रीसाठी प्रत्येक विषयाला मिळणाऱ्या गुणांकांचा, एका शब्दाने उल्लेख नाही. माझ्या दृष्टीने सगळ्या प्रश्नाची किल्ली तिथे आहे.

इंजिनिअरिंगची क्रेडिट्स बदलीत गळतात. पहिल्या-दुसऱ्या वर्षाचं गणित-भौतिकशास्त्र बहुधा धरलं जातं. तिसऱ्या वर्षाचे विषय मात्र नवीन विभाग 'हा आमच्या कोर्सशी जुळत नाही' म्हणून ऐच्छिकात टाकतो, म्हणजे क्रेडिट मिळतं पण डिग्रीला लागू होत नाही. वर बऱ्याच विद्यापीठांची अट असते की शेवटची तीसेक क्रेडिट्स आमच्याकडेच करा. खेळाडूंना कोच सांगतात, "सगळं ट्रान्सफर होईल." कोचच्या हातात ते नसतं. नव्या कॉलेजच्या मेकॅनिकल विभागाकडून, विषयवार, लेखी आल्याशिवाय कशावरही सही करू नका. मी पाहिलेल्या मुलांपैकी ज्यांनी घाई केली, त्यांच्यापैकी काहींनी शेवटी मेजर (मुख्य विषय) बदलून काहीतरी सोपं घेतलं. त्यांना ते मनापासून हवं असतं तर गोष्ट वेगळी.

आता तारखांचं. पूर्वी पोर्टल डिसेंबरात आणि पुन्हा एप्रिलमध्ये उघडायचं. वसंतातला सराव झाला, आपला नंबर कितवा ते कळलं, मग मुलं ठरवायची. आता एप्रिलची संधी गेली. आता जानेवारीत एकच मुदत असते; २०२६ मध्ये ती २ ते १६ जानेवारी होती. हेड कोच बदलला तर वेगळे दिवस मिळतात. म्हणजे तुमच्या मुलाला वसंतातली चुरस बघून ठरवता येणार नाही, आधीच ठरवावं लागेल. म्हणून डिसेंबरात त्याने स्वतः कोचकडे जावं. तुम्ही नाही, वडीलही नाहीत. आणि "माझं काय चाललंय" असं मोघम न विचारता नेमकं विचारावं: "येत्या पोर्टलमधून तुम्ही क्वार्टरबॅक आणणार आहात का? पहिल्या नंबरसाठी मला खरोखर संधी आहे का?" कोच उत्तर टाळू लागला तर तेच उत्तर समजावं.

पोर्टलमध्ये नाव टाकणं म्हणजे चौकशी करून बघणं नव्हे. नाव पडलं की सध्याचं विद्यापीठ सेमिस्टर संपल्यावर स्कॉलरशिप बंद करू शकतं. परत घेणं त्यांच्या मर्जीवर. दरवर्षी कितीतरी मुलं नाव टाकतात आणि त्यांना कुणीच घेत नाही. २०२५ पासून, खेळाडूंना थेट पैसे देण्याच्या नव्या करारात सामील झालेल्या विद्यापीठांना संघात १०५ च खेळाडू ठेवता येतात, त्यामुळे मागच्या दाराने कुठेतरी शिरकाव होण्याची जागाही कमी झाली आहे.

आणि तो एजंट. नाव पोर्टलमध्ये येण्याआधी दुसऱ्या कॉलेजच्या कोचने खेळाडूशी बोलणं नियमात बसत नाही. म्हणून बोलणी मधल्या माणसांमार्फत होतात. तेव्हा 'पहिली जागा देतो' हा शब्द कुणाचा आहे, हे आधी विचारा. जागा कोच देतो. एजंटाने दिलेली जागा ऑगस्टच्या सरावात कुठे असेल ते कुणी सांगावं? कदाचित तेच कॉलेज त्याच आठवड्यात आणखी दोघा क्वार्टरबॅकशी बोलत असेल. एनएफएलमध्ये एजंटाला ३ टक्क्यांच्या वर कमिशन घेता येत नाही. कॉलेजच्या पातळीवर तशी देशभर लागू असलेली एकच मर्यादा नाही, म्हणून टक्केवारी आणि मुदत दोन्ही वकिलाकडून वाचून घ्या. करार लवकर मोडला तर पैसे परत, असं कलम आहे का तेही बघा.

पैशाबद्दल तुम्ही जरा लाजून लिहिलंय. लाजू नका. जुलै २०२१ पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर, चेहऱ्यावर कमावता येतं, आणि जुलै २०२५ पासून विद्यापीठंही थेट पैसे देऊ शकतात. पहिल्या वर्षाची मर्यादा एका विद्यापीठाला सगळे खेळ मिळून २ कोटी ५ लाख डॉलर होती. मुलगा ज्या खेळातून दुसऱ्यांचे खिसे भरतो त्यातून त्याला काही मिळालं तर त्यात गैर काय? पण हे उत्पन्न आहे, त्यावर टॅक्स आहे आणि तो बहुधा कुणी कापून देत नाही. पहिला चेक आला की तिसरा हिस्सा बाजूला काढून ठेवायला त्याला आत्ताच सांगा. (हे वाचणाऱ्या दुसऱ्या कुणाचा मुलगा किंवा मुलगी एच-४ किंवा एफ-१ व्हिसावर असेल, तर असा एक डॉलर घेण्याआधी इमिग्रेशनच्या वकिलाला भेटा. टीममधल्या मित्राला मिळतात म्हणून आपल्यालाही चालतं, असं धरून चालू नका.)

मग जावं की नाही? मी तुमच्या जागी असते तर असं केलं असतं. कॉलेजात पाच वर्षांत चार सीझन खेळता येतात, या हिशेबाने त्याचे दोन उरलेत. नव्या कॉलेजने क्रेडिट्स लेखी मान्य केली आणि डिग्री फार तर एक सेमिस्टर लांबत असेल, तर मी त्याला जानेवारीत जाऊ दिलं असतं, दोन्ही सीझन खेळायला. डिग्री वर्षभर मागे जात असेल किंवा मेजर बदलावा लागत असेल, तर मी त्याला थांबायला सांगितलं असतं. उन्हाळ्यात दोन कोर्स जास्त घ्यायचे, पुढच्या डिसेंबरात डिग्री पूर्ण करायची, आणि मग शेवटच्या एका सीझनसाठी बरोसारखं निघायचं. एक सीझन कमी मिळेल, हे नुकसान खरं आहे आणि त्याला ते लागेल. ते लपवू नका. पण क्वार्टरबॅकला एका सीझनमध्येही स्वतःला दाखवता येतं. वडिलांचा तिसरा पर्याय, आत्ताच खेळ सोडणं, मी शेवटी ठेवला असता. तो मुलाच्या तोंडून आला तरच घ्यायचा, तुमच्या कुणाच्या तोंडून नाही.

कोचिंगही विचारात असू द्या. बरोचा एनएफएलमधला हेड कोच झॅक टेलर हा स्वतः कॉलेजचा क्वार्टरबॅक होता. वेक फॉरेस्टमध्ये बसून काढलं, मग कॅन्ससमधल्या एका कम्युनिटी कॉलेजात गेला, मग नेब्रास्काला. ड्राफ्टमध्ये कुणी घेतलं नाही. बसून बघितलेलं सगळं त्याला पुढे उपयोगी पडलं.

आता ती शेवटची ओळ. "डोक्याला मार लागतो म्हणतात." इतकं मोठं पत्र आणि ही ओळ सगळ्यात छोटी, पण मला वाटतं तुम्ही रात्री जाग्या राहता त्या हिच्यामुळे. हो, लागतो. हर्ट्‌सची जागा ज्याला मिळाली त्या टुआला एनएफएलमध्ये २०२२ मध्ये आणि पुन्हा २०२४ मध्ये कन्कशन (मार लागून मेंदूला बसणारा धक्का) झालं, सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं. पहिल्या नंबरवर खेळायचं म्हणजे मार खायला उभं राहणंही आलं. तुमच्या मनाच्या एका कोपऱ्यात तो इस्त्री न मोडलेला गणवेश तुम्हाला बरा वाटत असेल, तर त्यात अपराधी वाटून घेण्यासारखं काही नाही. पण ते मुलाला उघड सांगा. नाहीतर तुम्ही क्रेडिट्सबद्दल बोलाल आणि त्याला ऐकू येईल की आईचा आपल्यावर विश्वास नाही. आणि त्याला थेट विचारा, "आतापर्यंत कधी डोकं गरगरलं, प्रकाश सोसवेना, आणि तू टीमला सांगितलं नाहीस, असं झालंय का?" जागा जाईल या भीतीने मुलं लपवतात, दुसऱ्या नंबरची तर जास्तच. नव्या कॉलेजलाही एक प्रश्न विचारा: कन्कशननंतर खेळाडू परत कधी उतरणार, हे डॉक्टर ठरवतो की कोच? उत्तर 'डॉक्टर' असंच हवं, आणि ते अडखळल्याशिवाय यायला हवं.

पुण्याचा विषय मी टाळला असता, पण तुम्ही स्वतःच लिहिलंत. आजीला वाटतं नातू नुसता इंजिनिअरिंग करतोय. मुलाला हे माहीत आहे का? माझा अंदाज आहे की आहे. तीन वर्षं पहाटे पाचला उठून केलेलं काम घरच्यांनी घरच्यांपासूनच लपवलं, तर ते वाया गेलं असं त्याला वाटणारच. वडिलांना म्हणावं, या रविवारी व्हिडिओ कॉलवर त्यांनी स्वतः आजीला सांगावं. आजी विचारतील, "मेस्सीसारखा का रे?" मग नातवालाच फोन द्यावा. क्वार्टरबॅक म्हणजे काय ते आजीला मराठीत समजावताना तो या खेळाबद्दल जे बोलेल, ते तुम्ही दोघांनी शेजारी बसून ऐका. त्याला खरंच काय हवंय ते तुम्हाला पोर्टलच्या चर्चेपेक्षा तिथे जास्त कळेल.

आणि सीझनचा एखादा घरचा सामना उरला असेल तर दुर्बीण घेऊन जा. चेंडूकडे बघू नका, मैदानाच्या कडेला बघा. आपला संघ मैदानात असताना तो काय करतो, पहिल्या नंबरचा मुलगा चुकून परत येतो तेव्हा टॅबलेट घेऊन त्याच्याजवळ आधी कोण जातं, ते बघा. क्रेडिट्सचं लेखी उत्तर आलं की मला पुन्हा लिहा. त्यातले विषय दोघी मिळून एकेक करून तपासू.